पक्ष्यांची कृष्णधवल छायाचित्रे

रंगीत छायाचित्र कृष्णधवल करताना प्रत्येक रंगाची एक करडी छटा होते. एका प्रचलित सूत्रात या छटेतला हिरव्या रंगाचा वाटा सुमारे ५९ टक्के, लाल रंगाचा ३० आणि निळ्याचा अवघा ११ टक्के धरला जातो. मानवी डोळ्याला हिरवा रंगच सर्वांत उजळ भासतो.

खंड्या या पक्ष्याच्या बाबतीत इथेच अडचण येते. त्याचे तपकिरी डोके आणि निळी पाठ डोळ्याला ठळक वेगळी दिसतात, पण नुसता रंग काढून टाकला की दोन्ही जवळपास सारखीच करडी होऊ शकतात. म्हणून संगणकावर प्रत्येक रंगाचा उजळपणा वेगवेगळा ठरवावा लागतो. लाल-नारिंगी वाढवून निळा उतरवला, की डोके उजळते आणि पाठ गडद होते. निळ्या आकाशातला पांढरा बगळाही असाच उठून दिसतो. फिल्मच्या काळात हे काम भिंगापुढचा लाल फिल्टर करत असे. मात्र निळा फार उतरवला, तर आकाशात दाणे उमटतात.

कवड्या खंड्या तर मुळातच काळा-पांढरा. त्याच्या छातीवरच्या पांढऱ्या पिसांचे तपशील जपले, की पुरे. मोरासारख्या पक्ष्याचे सौंदर्य बरेचसे रंगातच असते. त्याचे छायाचित्र रंगीत ठेवणेच शहाणपणाचे. रूपांतर नेहमी प्रतीवर करावे, मूळ रंगीत फाइल जपून ठेवावी.