भिक्खूंचे इंग्रजी आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला हा विषय दिला तेव्हा काहीजण हसले. साचेखात्यात आयुष्य गेलेला माणूस भन्तेजींच्या इंग्रजीवर काय बोलणार? पण आम्ही इंग्रजी शिकलो ते रात्रपाळीवरून आल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन. त्यामुळे गाडी कुठे अडते ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. स्टेशनावर, बाजारात लागणारं इंग्रजी काही महिन्यांत जमतं. अडतं ते त्याच्या पुढे.

मागे आपल्या विहारात परदेशी पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, आत्मा नाही तर कर्माचं फळ कोण भोगतो? भन्तेजी पंधरा मिनिटं फार सुंदर बोलले. दुभाष्याने ते दोन वाक्यांत गुंडाळलं. पाहुणे मान हलवून चहा प्यायले आणि गेले. दोष दुभाष्याचा नाही, त्याला धम्मातलं कळत नव्हतं. पण उलटा प्रश्न विचारायची भन्तेजींची संधी गेली ती गेलीच.

शब्दच दगा देतात. ‘दुःख’ म्हणजे ‘सफरिंग’ म्हटलं की समोरचा म्हणतो, तुमचा धर्म रडका. ‘शून्यता’ म्हणजे ‘एम्प्टिनेस’ म्हटलं की त्याला वाटतं, हे काहीच मानत नाहीत. उलटही होतं. इंग्रजीत ‘इमोशन’ म्हणतात त्याला जुन्या तिबेटी ग्रंथांत नेमका शब्द नाही. आपल्या ‘किलेसा’त लोभ, द्वेष येतात आणि मोहही येतो. आता मोह म्हणजे अज्ञान, त्याला इंग्रज ‘इमोशन’ म्हणणार नाही. ही फोड भिक्खूला स्वतःच्या तोंडाने करता आली पाहिजे. त्यासाठी ह्यूमसारखा त्यांचा तत्त्वज्ञ मुळातून वाचावा लागतो. ‘मी’ शोधायला गेलो तर नुसते अनुभवच हाती लागतात, असं तो स्कॉटिश माणूस अठराव्या शतकात म्हणून गेला. अनत्तावर बोलायला यापेक्षा चांगली सुरुवात कोणती?

तिबेटी भिक्खूंनी हे काम मनावर घेतलं आहे. १९८७ साली धरमशाळेला दलाई लामा आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ यांची ‘माइंड अँड लाइफ’ची पहिली बैठक झाली. कर्नाटकात मुंडगोड आणि बैलकुप्पे इथे त्यांचे मोठे मठ आहेत. तिथे २०१४ पासून अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचे प्राध्यापक येऊन विज्ञान शिकवू लागले. ते इंग्रजीत शिकवायचे, दुभाषी तिबेटीत सांगायचा, आणि पुस्तकं दोन्ही भाषांत. थुप्तेन जिन्पा यांचं इंग्रजी तर बरंचसं स्वतःच्या खटपटीचं. १९८५ साली ठरलेला दुभाषी वेळेवर पोचला नाही, म्हणून या तरुण भिक्खूला उभं केलं. तेव्हापासून ते दलाई लामांचे दुभाषी झाले, पुढे केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकले. पण असा योगायोग रोज घडत नाही. त्यासाठी वर्ग चालवावे लागतात.

वर्ग कसा असावा? जो भिक्खू वीस वर्षं न्यायशास्त्र शिकला, त्याला ‘धिस इज अ कॅट’ घोकायला लावणं हा आमच्या मते अपमान आहे. तिबेटी मठांत टाळी वाजवून वाद घालतात. उत्तर देणाऱ्याला मोजकी उत्तरं असतात: कबूल, का बरं, कारण सिद्ध नाही, व्याप्ती नाही. आमच्या भाषेत सांगतो. कोणी म्हणालं, चिमणीतून धूर निघतोय, म्हणजे माग चालू आहेत. गिरणीवाला लगेच म्हणेल, व्याप्ती नाही! बॉयलर पेटलेला असतो आणि माग उभे असतात. आणि धूरच नसेल तर? कारण सिद्ध नाही. एवढी चार उत्तरं इंग्रजीत पक्की करून दिली की भिक्खू पहिल्या दिवसापासून वाद घालू लागेल. व्याकरण मागून येईल.

भिक्खुणींना यातून वगळू नका. २०१६ साली मुंडगोडला वीस तिबेटी भिक्खुणींना गेशेमा ही पदवी मिळाली. त्याआधी वर्षानुवर्षं ती वाट त्यांना बंदच होती.

यवन राजा मिलिंद आणि नागसेन यांचा संवाद आपण अभिमानाने सांगतो. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंदाचं नाव दिलं, ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचं. ‘बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांनी इंग्रजीत लिहिला, तो जगाशी बोलण्यासाठी. आणि १९५० साली महाबोधीच्या मासिकात लिहिताना त्यांनी भिक्खू थोडे असावेत पण शिकलेले असावेत, हे रोखठोक मांडलं. आपण मात्र भन्तेजींना परित्राणपाठाला बोलावतो, नामकरणाला बोलावतो, आणि अभ्यासाला त्यांना वेळ उरतो किती ते विचारत नाही.

यंदाच्या दानातून कमानीला नवा रंग द्यायचा विषय समितीपुढे आहे. आमची सूचना अशी, की रंग एक वर्ष थांबू द्या. त्या पैशातून पुस्तकं आणि एक चांगला शब्दकोश घ्यावा. आठवड्यातून तीन संध्याकाळी भन्तेजींना कोणीही कार्यक्रमाला नेऊ नये. वस्तीतल्या इंग्रजीत एम.ए. झालेल्या मुलींनी शिकवायला यावं आणि बदल्यात भन्तेजींकडून पाली शिकावी. दोन नावं आमच्याकडे आली आहेत. आणखी कोणी असेल त्यांनी भोजनदानानंतर सेक्रेटरींकडे नाव लिहून द्यावं.

जयभीम, नमो बुद्धाय.