उपचार मुलाचा की घराचा?

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेले भाषण, अंकासाठी थोडे नीटनेटके करून)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टिंग करतो. मग हा या विषयावर कशाला बोलतोय, असं काहींच्या मनात आलं असेल. कारण साधं आहे. आमच्या मुलाच्या निमित्ताने आम्ही दोघं वर्षभर एका थेरपिस्टकडे जात होतो. त्या काळात बरंच वाचलं, बरंच विचारलं. आपल्या मंडळात या विषयावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही हेही जाणवलं. कमिटीने विचारलं तेव्हा हो म्हटलं. मुलाची गोष्ट मात्र मी सांगणार नाही, कारण ती त्याची आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या, बालमनोविकारतज्ज्ञांच्या आणि मुलांच्या हॉस्पिटलांच्या संघटनांनी मिळून जाहीर केलं, की मुलांचं मानसिक आरोग्य ही राष्ट्रीय आणीबाणी झाली आहे. आपली मुलं यातून वगळलेली नाहीत. फरक इतकाच, की आपल्या घरात मार्क चांगले येत असले की बाकी सगळंही ठीक आहे असं आपण धरून चालतो.

आता समजा, शेवटी थेरपिस्टकडे जायचं ठरलं. आपल्यासारख्या माणसांची पहिली कल्पना काय असते? गाडी गॅरेजमध्ये सोडतो तसं मुलाला आत सोडायचं, पन्नास मिनिटं बाहेर बसून ई-मेल बघायची आणि दुरुस्त झालेलं मूल घरी न्यायचं. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, की हे असं होत नाही. मुलाच्या उपचारात घराला भाग घ्यावाच लागतो. आणि ही वाईट बातमी नसून चांगली बातमी आहे.

एक काल्पनिक घर घेऊ. दहा वर्षांची मुलगी. रविवारी रात्रीपासून पोटात दुखतं, सोमवारी सकाळी रडू येतं. डॉक्टर सगळं तपासून सांगतात, पोटात काही नाही, ही शाळेची भीती आहे. मग आई काय करते? तिला गाडीने शाळेत सोडते, दुपारी दोनदा मेसेज करते. बाबा टीचरला ई-मेल लिहितात, की हिला वर्गासमोर उभं करू नका. रात्री तिला एकटीला झोप येत नाही म्हणून आई तिच्या खोलीत झोपते. प्रत्येक गोष्ट प्रेमापोटी केलेली. पण सहा महिन्यांनी बघितलं तर भीती कमी झालेली नाही, उलट सगळ्या घराचं टाइमटेबल त्या भीतीभोवती फिरतंय. आई-बाबा ज्या सवलती देतात, त्यातून मुलीला नकळत एकच निरोप मिळत राहतो: हे तुला झेपणार नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळेल. एक मॉड्यूल चुकीचं आउटपुट देतंय म्हणून आपण तेच उघडून बसतो, आणि पुष्कळदा दोष त्याला बाहेरून येणाऱ्या इनपुटमध्ये असतो. अर्थात मूल म्हणजे मॉड्यूल नव्हे, आणि इथे कुणाचा गुन्हाही नाही. दोष शोधणं हा थेरपीचा हेतूच नसतो.

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी याच विचारावर एक पद्धत बांधली आहे. तिचं नाव स्पेस. यात मूल थेरपिस्टकडे जातच नाही, फक्त आई-वडील जातात. ते दोन गोष्टी शिकतात. पहिली, मुलाशी बोलताना समजून घेणं आणि विश्वास दाखवणं, दोन्ही एकाच वाक्यात आणायचं: ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तू ती सहन करू शकशील याची मला खात्री आहे.’ आपण बहुतेक वेळा यातलं अर्धंच बोलतो. आई म्हणते ‘अगं बाई, किती घाबरलीस!’ आणि बाबा म्हणतात ‘काही होत नाही, जा.’ दुसरी गोष्ट म्हणजे त्या सवलती एकेक करून, मुलाला आधी सांगून, कमी करायच्या. २०२० साली या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध झाली. ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती. काहींच्या फक्त पालकांना शिकवलं, बाकीच्या मुलांना नेहमीची थेरपी दिली. परिणामात पालकांची पद्धत कमी पडली नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं, आणि खूप धीरही आला. मूल यायला तयार नसलं तरी आपण स्वतः सुरुवात करू शकतो!

नेहमीची थेरपी म्हणजे काय तर सीबीटी. विचार, भावना आणि वागणं यांची साखळी ओळखायची आणि भीतीला पायरी पायरीने सामोरं जायचं. आज टीचरला एक प्रश्न विचारायचा, पुढच्या आठवड्यात बाकावरून उठून उत्तर द्यायचं, त्यानंतर वर्गासमोर दोन मिनिटं बोलायचं. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले फिलिप केंडल यांनी मुलांसाठी याचा सोळा बैठकांचा कार्यक्रम तयार केला, त्याची पहिली चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. गावाकडे आजी-आजोबांना हे अमेरिकन फॅड वाटलं, तर त्यांना सांगा की याच घराण्यातली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत कधीच आणली आहे, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे.

याचा उपयोग किती होतो? २००८ साली एका मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. चिंतेचा विकार असलेली ७ ते १७ वर्षांची ४८८ मुलं, बारा आठवडे उपचार. फक्त सीबीटी घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांमध्ये चांगली सुधारणा झाली, फक्त औषध घेतलेल्यांपैकी ५५ टक्के, दोन्ही घेतलेल्यांपैकी ८१ टक्के. नुसत्या साखरेच्या गोळ्यांसारख्या खोट्या औषधाने २४ टक्के. याचा अर्थ दोन प्रकारे लावा. एक, ही जादू नाही, काही मुलांना जास्त वेळ किंवा वेगळा उपाय लागतो. दोन, डॉक्टरांनी औषध सुचवलं तर लगेच ‘नको नको, सवय लागेल’ म्हणून उठून येऊ नका. बसा, प्रश्न विचारा, आणि मग ठरवा.

मुलं अगदी लहान असली तर बोलून काय सांगणार? तिथे खेळ उपयोगी पडतो. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये प्ले थेरपीवर पुस्तक लिहिलं. मूल खेळण्यांतून जे मांडतं तेच त्याचं बोलणं, मोठ्यांनी ते आपल्या दिशेला ओढायचं नाही, असा त्यांचा आग्रह होता. दोन ते सात वर्षांच्या हट्टी, आदळआपट करणाऱ्या मुलांसाठी शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात आणखी एक पद्धत काढली. यात आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, थेरपिस्ट काचेपलीकडून बघतो आणि पालकाच्या कानातल्या छोट्या यंत्रातून सांगत राहतो: ‘आता कौतुक करा, आता प्रश्न विचारू नका, त्याने काय बांधलं ते नुसतं सांगा.’ घरी रोज पाच मिनिटं असंच खेळण्याचा गृहपाठ असतो. पाच मिनिटं, फोन बाजूला ठेवून, शिकवणी न घेता! करून बघा, वाटतं तितकं सोपं नाही.

आता सगळ्या घराबद्दल. साल्वाडोर मिनुचिन हे अर्जेंटिनातून अमेरिकेत आलेले डॉक्टर, म्हणजे आपल्यासारखेच परदेशातून आलेले. १९६५ पासून त्यांनी फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गाइडन्स क्लिनिकचं काम सांभाळलं. ते पूर्ण कुटुंबाला एका खोलीत बसवायचे आणि बघायचे, की कोण कुणाच्या शेजारी बसतं, कोण कुणाच्या वतीने उत्तर देतं, आई-बाबांचं पटेनासं झालं की मुलाचं दुखणं नेमकं तेव्हाच वर येतं का. घरात पालकांची एक फळी असावी आणि मुलांना त्या फळीत ओढू नये, हे त्यांच्या कामाचं सार.

आपल्या घरी हे कसं दिसतं? आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येतात. आई म्हणते, आयपॅड बंद. आजी म्हणते, ‘असू दे गं, एकटं पोर आहे.’ बाबा मध्येच अडकतात आणि लॅपटॉप उघडतात. यात आजी वाईट नाही. पण पोराला कळलेलं असतं की नियम कुणाचाच नाही. अशा वेळी आजीलाही एका बैठकीला न्या. फक्त दुभाषाचं काम त्या पोराकडे देऊ नका, त्याच्याच तक्रारीचं भाषांतर त्याने करायचं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणि इथल्या थेरपिस्टला आपलं एकत्र राहणं, एका खोलीत झोपणं जास्तच गुंतागुंतीचं वाटलं, तर चिडू नका. आमच्याकडे यातलं काय नेहमीचं आहे आणि काय नवीन झालंय, हे नीट सांगा. चांगला थेरपिस्ट ऐकून घेतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सायकिॲट्रिस्ट हे एमडी, औषध देऊ शकतात. सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, फॅमिली थेरपिस्ट हे थेरपी करतात, लायसन्स आहे ना ते बघा. पहिल्याच फोनवर विचारा: तुम्ही कोणती पद्धत वापरता, आम्हाला त्यात कसं घेणार, आणि फरक पडतोय हे कसं ओळखायचं? २००८ च्या कायद्यानुसार बहुतेक इन्शुरन्स प्लॅन मानसिक आजाराचे उपचार देत असतील, तर त्यांवर शारीरिक आजारांपेक्षा कडक अटी घालू शकत नाहीत. नकार आला तर अपील करा. आणि मूल आत काय बोललं याचा रिपोर्ट मागू नका. जिवाला धोका असेल तर थेरपिस्ट सांगतोच, बाकीचं त्या दोघांमध्ये राहू द्यावं. त्या विश्वासावरच सगळं काम उभं असतं.

एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलतो. मूल मरणाबद्दल बोललं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने कल्पना डोक्यात येते हा गैरसमज आहे. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा नंबर आहे, फोन करा किंवा मेसेज करा, दिवसा-रात्री केव्हाही. तो आज घरी गेल्यावर फ्रिजवर लावून ठेवा.

लोक काय म्हणतील, हा प्रश्न उरतोच. या हॉलमध्ये इतकी कुटुंबं आहेत. कुणाच्या मुलाला ब्रेसेस लागल्या तर आपण एकमेकांना डेंटिस्टचं नाव विचारतो. थेरपिस्टचं नावही तसंच, चहाच्या टेबलावर विचारता आणि सांगता आलं, तर कुणाच्या तरी घरातले सहा महिने वाचतील. जेवण तयार आहे असं कळतंय, तेव्हा इथेच थांबतो. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी जेवताना माझ्या शेजारी येऊन बसा.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!