फुकटचं औषध कुणाच्या कष्टाचं?

(हेदवी येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

लिंबूवर्गीय बागा म्हटलं की नागपूर-अमरावतीची संत्री डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे लिंबू असतं ते बहुधा परसात, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं. शेजारी एखादं ईडलिंबू, नाहीतर पपनस. आंब्याची कलमं पुरुषांची आणि लिंबू बाईचं, असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्याला पाणी कोण घालतं, लोणचं कोण घालतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या कलमांवर तुडतुड्यासाठी फवारणी झाली. पंपात थोडं औषध उरलं. "वाया कशाला घालवायचं? लिंबावर मारा," असं घरात ठरलं. आठ दिवसांनी त्याच झाडाची लिंबं सरबताला काढताना माझा हात थांबला. फवारणीचा डबा कुणी धुतला होता? मी. कुठे? विहिरीवर. फवारणीचे कपडे कुणी धुतले? मीच. पंप पाठीवर न घेताही विष माझ्यापर्यंत आलं होतं.

ही नुसती मनातली भीती नाही. केरळात कासरगोडला आपल्यासारखाच जांभा, आपल्यासारखाच काजू. तिथल्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. गावागावांत आजारी माणसं, व्यंग घेऊन जन्मलेली मुलं दिसू लागली. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यात काम करणाऱ्या बाई होत्या. हवाई फवारणी थांबली. पुढे 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली.

मग लिंबाचं काय करायचं? आधी कीड ओळखायची. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं, तर ती फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते, डिवचली की डोक्यामागून तांबडं शिंग काढते. हीच अळी कढीपत्त्यावर आणि बेलावरही येते. एकदोन झाडं असतील तर ती हाताने वेचायची, औषध लागतच नाही. पानावर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या, तर ती नागअळी.

त्यासाठी 500 ग्रॅम सुक्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्याने गाळून 10 लिटर पाणी होईल एवढं वाढवा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. आपल्या पावसात कडुनिंब फारसा होत नाही; पण करंज आहे, निर्गुडी आहे, गोठ्यातलं गोमूत्र आहे. हा पाला गोमूत्रात कुजवून, गाळून, भरपूर पाणी घालून फवारतात. पातेरा जाळू नका, झाडाखाली पसरा. ओल टिकते, किडे खाणाऱ्या कोळ्यांना आसरा मिळतो. फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर खोड कुजतं.

आणि झाडावर ओंबीलाचं घरटं दिसलं तर लगेच पलिता लावू नका. चावतात, ते खरंच! पण सतराशे वर्षांपूर्वी चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी अशा तांबड्या मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळत. कीड खायला मुंग्याच राखणीला ठेवायच्या.

हे सगळं सांगून झालं की कोणीतरी म्हणतं, "वा! फुकटचं औषध!" मैत्रिणींनो, इथे मला थांबायचं आहे. पहाटे गोमूत्र कोण धरतं? पाला कोण खुडतं, कोण कुटतं? पातेऱ्याचा भारा कुणाच्या डोक्यावर येतो? विषाच्या बाटलीचे पैसे वहीत मांडले जातात. आपल्या दोन तासांची नोंद कुठेच नसते. विष गेलं आणि बाईचं ओझं वाढलं, एवढ्यावरच थांबलो, तर बदल अर्धाच झाला.

शिवाय नाव कुणाचं? 1990 नंतर रोजगार हमीतून फळबागा लावल्या गेल्या, तेव्हा अनुदान सातबारा बघून मिळालं. आपल्या घरचे पुरुष मुंबईला, शेत आपल्या अंगावर, आणि सातबाऱ्यावर आजेसासऱ्यांपासूनची नावं. प्रशिक्षणाचं बोलावणं येतं तेही नाव बघूनच. शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. कायदा झाला, पण तलाठ्याकडे नोंद किती जणींची झाली?

म्हणून दोन कामं सांगते. अर्क करा, पण महिनाभर प्रत्येक कामाला लागलेला वेळ वहीत लिहा आणि ती वही घरात सगळ्यांसमोर वाचा. पाला कुटायला पुरुषांनाही हात आहेत. दुसरं, पुढच्या बैठकीला येताना सातबाऱ्याचा उतारा घेऊन या. एकत्र बसून वाचू. आपलं नाव कुठे आहे, ते आधी शोधू. नसेल, तर तलाठ्याकडे सगळ्याजणी मिळूनच जाऊ.