चित्र पुरं कधी होतं?

लोणखेड्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. हातातली कामं चालू ठेवा, कान तेवढा इकडे असू द्या.

आज आम्हाला चित्राबद्दल बोलायचं आहे. चित्र कसं काढायचं ते शिकवणारे पुष्कळ आहेत, ते आम्ही सांगत नाही. काढायला घेतलेलं चित्र दिवसादिवसाला कसं बदलतं, आणि ते बदलणारा माणूस दिवसभर नेमकं करतो काय, तेवढं सांगायचं आहे. तुम्ही म्हणाल, ऊस, पपई, कापूस सोडून आज हे काय मधेच? तर कारण असं की आमच्या गटातल्या काही जणी कापडावर, पुठ्ठ्यावर, कधी भिंतीवर चित्रं काढतात. त्याचे पैसे येतात. पैसे आले की तास मोजणं आलं. आणि तास मोजायला बसलो की दरवेळी एकाच ठिकाणी अडतं. बाई हातात कुंचला धरून रंगवत होती तेवढेच तास धरायचे, की चित्रासमोर नुसती बसून बघत होती तेही?

घरी तर हा प्रश्न रोजचाच. रंगवताना कुणी काही म्हणत नाही. पण रंग लावून झाला, ताई दोन पावलं मागे सरकून चित्राकडे बघत उभी राहिली, की लगेच आवाज येतो, "झालं ना तुझं? मग पाणी भर." बघणं हे काम आहे असं कुणाला वाटतच नाही. म्हणून आम्ही ठरवलं की मोठमोठे चित्रकार आपला दिवस कसा घालवतात ते जरा वाचून काढू. त्यातलं जे कामाचं वाटलं ते आज सांगतो.

वासुदेव गायतोंडे नावाचे चित्रकार होते. 1924 साली नागपूरला जन्मले, घराणं मूळचं गोव्याचं, वाढले मुंबईत गिरगावच्या चाळीत. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 साली पदविका घेतली. 1971 साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे ते दिल्लीला निजामुद्दीन भागात एका गच्चीवरच्या खोलीत राहिले आणि 2001 साली गेले. त्यांच्या चित्रात माणूस, झाड, घर असं काही ओळखू येत नाही. रंग असतो, रंगाखाली रंग असतो, आणि मधूनच उजेड वर आल्यासारखा दिसतो. आज ती चित्रं लिलावात कोट्यवधी रुपयांना जातात. 2013 साली मुंबईच्या लिलावात एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं. पण हा आकडा त्यांच्या मरणानंतरचा आहे हेही लक्षात ठेवा.

आम्हाला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा. मग बाकीचे दिवस काय? बाकीचे दिवस बघणं आणि विचार करणं. कॅनव्हासवर रोलरने रंग फिरवायचा. आपण घराच्या भिंतीला फिरवतो तसाच रोलर, आकाराने वेगळा. मग तो रंग ओला असतानाच पातळ सुरीने खरवडून काढायचा. कधी कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे, म्हणजे तिथला रंग कागदाबरोबर निघून येतो आणि खालचा थर दिसतो. लावायचं, थांबायचं, काढायचं, पुन्हा लावायचं. जे काढलं ते फुकट गेलं असं त्यात नसतं. खरवडल्यावरही थोडा रंग मागे राहतोच, आणि वरच्या रंगाला जी खोली येते ती त्या उरलेल्या रंगामुळे येते. एका दमात लावलेल्या रंगाला ती येत नाही. आपल्याकडे सारवणात असंच आहे. पहिला हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. एकाच हातात जाड लिंपलं तर वाळताना तडे जातात.

इथे एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. गायतोंडे एकटे राहायचे. खोली त्यांची, वेळ त्यांचा. मधेच उठून भाकरी टाका, गुरांना पाणी दाखवा, अंगणवाडीतून पोराला आणा, असं सांगणारं कुणी नव्हतं. त्यांच्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे, पण तसा दिवस आपल्यापैकी एकीलाही मिळणार नाही. आपल्याला बघण्याचा वेळ तुकड्यातुकड्यांतच काढावा लागतो. प्रश्न एवढाच की तो तुकडा तरी आपला धरला जातो का.

तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्याला दुसऱ्या एका चित्रकाराकडून जास्त शिकता येईल असं आम्हाला वाटतं. प्रभाकर बरवे. जन्म 1936 चा, रायगड जिल्ह्यातल्या नागावचा. हे बरीच वर्षं विणकरांसाठीच्या सरकारी केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला आणि मग मुंबईला. हातमागाच्या कापडाचे नमुने तिथे तयार होतात. म्हणजे नोकरी सांभाळून चित्रं. ते वर्षानुवर्षं वह्या लिहायचे. त्या वह्यांत छोटी छोटी रेखाटनं आणि शेजारी टिपणं. एखादी साधी वस्तू, घड्याळ, पान, डबा, ती चित्रात कुठे बसेल, तिच्या आजूबाजूला किती मोकळी जागा सोडायची, याचा विचार आधी वहीत व्हायचा. त्यांनी मराठीत 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तक लिहिलं आहे, शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात मागून बघा. अवघड आहे, पण हळूहळू वाचलं तर कळतं. आणि रंग कोणता वापरायचे माहीत आहे? एनॅमल. आपण दार-खिडक्यांना लावतो त्याच जातीचा. म्हणजे महागडा रंग नाही म्हणून अडून राहायचं कारण नाही.

वहीचा फायदा असा की दुरुस्ती स्वस्तात होते. कापडावर रंग एकदा उतरला की निघत नाही. कागदावर पेन्सिलीने पाच वेळा बदललं तरी खर्च शून्य. गोधडी शिवणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावं लागत नाही. ती सगळे तुकडे आधी जमिनीवर मांडते, लाल इकडचा तिकडे करते, दुपारभर तसंच ठेवते, संध्याकाळी परत बदलते, आणि मगच सुई हातात घेते. टाके घातल्यावरही आधी कच्चा टाका, पक्का नंतर. उसवायची सोय ठेवून शिवायचं. चित्रकाराच्या खोलीत रोज जे चालतं ते याहून फार वेगळं नाही.

आता आपल्या जवळची गोष्ट. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या पलीकडे गेलं की छोटा उदेपूरचा आणि अलीराजपूरचा भाग लागतो. तिथे राठवा आणि भिलाला लोकांत नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरा काढतात. घोडेच घोडे असतात, देवाचं लग्न असतं, शेत, विहीर, जनावरं, सगळा संसार भिंतीवर येतो. भिंत सारवतात कुमारिका, चित्र काढतात लखारे, म्हणजे चित्र काढणारे पुरुष. चित्र झालं तरी ते पुरं झालं असं लखारे स्वतः म्हणत नाहीत. मग बडवा येतो. त्याच्या अंगात येतं, आणि तो भिंतीवरची एकेक आकृती बघत, तिची ओळख सांगत पुढे जातो. काही राहिलं असेल, चुकलं असेल तर तो दाखवतो आणि ते तिथेच दुरुस्त होतं. त्यानंतर पूजा.

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. आम्हाला त्यात रीत दिसली. काढणारा एक आणि तपासणारा दुसरा. आणि तपासणी झाल्यावर बदल करणं कमीपणाचं नाही, तो विधीचाच भाग आहे. आपल्याकडे काय होतं? एकीने दुसरीला म्हटलं, "ताई, हे मोराचं मान जरा जाड झालंय," की आठ दिवस अबोला. आम्ही आता गटात असं ठरवलं आहे की प्रत्येक चित्र देण्याआधी, जिने ते काढलं नाही अशी एक जण त्याच्यासमोर बसेल आणि काय काय दिसतं ते मोठ्याने सांगेल. चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त दिसतं ते सांगायचं. "ही बाई पाणी आणते. हा बैल. हे काय आहे, कुत्रं की शेळी?" बस, काढणारीला कळतं कुठे हात फिरवायचा ते.

दुसरी बाई मिळाली नाही तर आरसा. हे आमच्या डोक्यातलं नाही. इटलीत पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्दो दा विंची म्हणून चित्रकार होऊन गेले, त्यांनी लिहून ठेवलं आहे की आपलं चित्र आरशात बघावं, उलटं दिसलं की ते दुसऱ्याच कुणी काढल्यासारखं वाटतं आणि त्यातल्या चुका पटकन दिसतात. मधे मधे काम सोडून उठावं, लांब जावं, असंही ते सांगतात. आम्ही करून बघितलं. भिंतीवरच्या छोट्या आरशात चित्राची एक बाजू एकदम जड दिसली. दोन झाडं एकाच अंगाला आली होती, ते सरळ बघताना आठ दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मोबाईल असेल तर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी असले तर डोळ्याला वेगळे दिसतात, पण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच करडे होतात आणि आकृती मागच्या रंगात बुडून जाते. मग एक फिका करायचा. रंग बदलून बघायचा असेल तर चित्रावर हात घालायच्या आधी कागदाचा तुकडा त्या रंगात रंगवा, वाळू द्या आणि त्या जागी ठेवून बघा. रंग ओला असताना एक दिसतो, वाळल्यावर दुसरा. गेरू तर ओला गडद असतो आणि वाळला की फिका पडतो, हे सारवणाऱ्या बाईला काय सांगायचं. आणि कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात रंग ठरवू नका. पिवळा रात्री दिसतच नाही नीट.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवणं. दोन दिवस बघायचंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उलटवलं की पहिल्या क्षणाला जे खटकतं तीच दुरुस्ती खरी. त्यानंतर पाच मिनिटांनी डोळा सरावतो आणि सगळंच बरं दिसायला लागतं.

आता पैशाचं. झाबुआ जिल्ह्यातल्या भुरीबाई भिल समाजाच्या. भोपाळला भारत भवनचं बांधकाम चालू होतं तेव्हा त्या तिथे मजुरीला होत्या. जगदीश स्वामीनाथन या चित्रकाराने त्यांना विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काढतात तसं कागदावर काढाल का? आणि त्या बसून चित्र काढू लागल्या तर त्याचे पैसे मजुरीपेक्षा जास्त मिळाले. डोक्यावर पाटी नाही, ऊन नाही, तरी पैसे, याचं त्यांना नवल वाटलं असणार, आपल्यालाही वाटलं असतं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्यातली पद्मश्री नंतर आठवते. आधी आठवतं ते हे की बाईच्या बसून केलेल्या कामाचा कुणीतरी रोज धरला.

म्हणून आमच्या गटाच्या वहीत आता दोन रकाने आहेत. एक रंगवण्याचा, एक बघण्या-बदलण्याचा. दुसऱ्या रकान्यावरून बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाली, असं असेल तर कुणीही दिवसभर बसून राहील आणि तास लावेल. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की बघण्याचा तास लिहिताना शेजारी काय बदललं ते एका ओळीत लिहायचं. "झाड डावीकडे घेतलं." "निळा पुसला." काहीच बदललं नाही तर तसं लिहायचं, "बघितलं, ठीक आहे." तोही तास धरतो. चार महिने वही ठेवल्यावर दिसलं की हाताने रंगवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या जवळपास निम्मा वेळ यात जातो. तो आजवर आपण गिऱ्हाइकाला फुकट देत होतो. एका व्यापाऱ्याने दर ऐकून तोंड वाकडं केलं, दोन दिवसांत होणाऱ्या कामाचे एवढे कसले पैसे म्हणाला. आम्ही वही पुढे केली. त्याने पूर्ण दर दिला नाही, पण आधीपेक्षा वाढवून दिला. पुढच्या वेळी बघू.

राहिला प्रश्न, थांबायचं कधी? कारण बदलत बसलं तर चित्र बिघडतंही. ताजेपणा जातो, रंग मळकट होतो. याचं एकच उत्तर नाही. आमच्यात एक जण लवकर थांबते आणि तिचं बरोबर असतं, दुसरी उशिरा थांबते आणि तिचंही. वहीत सलग दोन वेळा "बघितलं, ठीक आहे" आलं की आम्ही हात थांबवतो, एवढाच नियम.

गायतोंड्यांच्या पुष्कळ चित्रांच्या मागच्या बाजूला त्यांची सही आणि साल आहे. सही बऱ्याचदा देवनागरीत. आमच्या चित्रांवर आजवर गटाच्या नावाचा शिक्का असायचा, काढणारीचं नाव नसायचं. या महिन्यापासून मागच्या बाजूला जिने काढलं तिचं नाव आणि तारीख घालतोय. एक आजी अंगठा लावणाऱ्या आहेत, त्यांनी मागे एक छोटी चिमणी काढली. तीच त्यांची सही.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.