उंच धुराड्यांचा शेजारधर्म

हवा मोजणाऱ्यांच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा छापून प्रत्येकाच्या पिशवीत घातलेला आहे. त्यामुळे हा सगळा वेळ धुराड्याचा.

डिसेंबर २०१५मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालण्यात आली. ती दोन वर्षांत पाळायची होती. मुदतीमागून मुदत मिळत गेली आणि जुलै २०२५च्या अधिसूचनेने सुमारे ७८ टक्के संच या मर्यादेतूनच सुटले. त्या बदल्यात अट काय? धुराडं नेमून दिलेल्या उंचीचं असावं!

उंचीने गंधक एक ग्रॅमनेही घटत नाही. पायथ्याच्या गावातला आकडा तेवढा उतरतो. वरचा वारा तो वायू उचलतो, वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. महाराष्ट्रात चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं. सीमेपलीकडे गोदावरीकाठी तेलंगणात रामगुंडमची धुराडी. कोणाचं गंधक कोणाच्या छातीत, हे वाऱ्याची दिशा ठरवते आणि ती ऋतूगणिक बदलते.

ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डकटाउनच्या तांबे कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुराडी उंच केली आणि धूर शेजारच्या जॉर्जियाच्या जंगलांवर पसरला. जॉर्जिया थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०७मध्ये जिंकलं. पुढे कारखाने तोच धूर पकडून गंधकाम्ल बनवू लागले आणि ते तांब्यापेक्षा किफायतशीर ठरलं.

सकाळच्या सत्रात धूर कुठे जाईल हे सांगणारं संगणकी प्रतिमान खरं की प्रत्यक्ष मोजणी खरी, यावर दोन तास खडाजंगी झाली. प्रस्तुत वक्त्याने हा वाद एका सीमेवरच्या गावात निकालात निघालेला पाहिला आहे. धुराडं असलेल्या अलीकडच्या राज्यातलं यंत्र सगळं आलबेल दाखवत होतं. पलीकडे मिरचीच्या पानांवर शिरांमधला भाग पांढरा पडला होता. शेतकऱ्याने पानं आणून टेबलावर ठेवली, तेव्हा एका अधिकाऱ्याने शांतपणे सांगितलं, "काका, तुमचं शेत आमच्या हद्दीत येत नाही." पलीकडच्या कार्यालयाचं उत्तर त्याहून सोपं होतं: धुराडं आमच्या हद्दीत नाही. दोघंही कायद्याने बरोबर होते. प्रतिमान चुकलं नव्हतं, मोजणीही चुकली नव्हती. तक्रार घ्यायला खिडकीच नव्हती.

१९८१च्या हवा कायद्याने राज्य मंडळांमधले तंटे सोडवण्याचं काम केंद्रीय मंडळाकडे दिलं आहे, पण अवघ्या एका ओळीत. दिल्ली आणि शेजारच्या चार राज्यांसाठी २०२१च्या कायद्याने स्वतंत्र आयोग आला, कारण तिथला धूर राजधानीत शिरतो. बाकीच्या देशाने काय करायचं?

पाण्याच्या बाबतीत हा देश इतका गाफील राहिला नाही. राज्यघटनेत अनुच्छेद २६२ आहे, १९५६चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा आहे. कृष्णेसाठी १९६९मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचे अध्यक्ष बच्छावत यांचं नाव महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही पाठ झालं. पाटातल्या पाण्यासाठी तीन राज्यं वर्षानुवर्षं भांडली. तीच राज्यं एकमेकांचा धूर मुकाट्याने गिळतात. अडवता येत नाही ते वाटूनही घेता येत नाही, असं ज्येष्ठ सहकारी म्हणतात. अडवायचं वाऱ्याला नाही! धुराड्याच्या तोंडाशी किती टन गंधक सुटलं ते मोजायचं आणि राज्यागणिक वाटा ठरवायचा.

कामं तीन: हवेच्या लवादाचा कच्चा मसुदा, सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीची मोजणी आणि वाट्याचं एखादं सूत्र. तपशील परिषदेची समिती ठरवेल. निधीचं नंतर पाहता येईल. समिती दुपारच्या जेवणानंतर लगेच बसेल. उंच धुराड्याची बाजू मांडायची असेल त्यांनी तिथे जरूर यावं, मात्र येताना धुराड्यातून सुटणाऱ्या गंधकाचा हिशोब टनांत घेऊन यावं.