सोमनाथपूर सकाळी, जगनमोहन दुपारी



1935 साली म्हैसुरात एम. व्ही. गोपालस्वामी नावाच्या प्राध्यापकांनी आपल्या राहत्या घरातून रेडिओचं प्रक्षेपण सुरू केलं. त्या छोट्या केंद्राचं नाव होतं आकाशवाणी. पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या रेडिओला मिळालं. म्हणजे आपण रोज ऐकतो तो शब्द म्हैसूरहून आला. आज मी त्याच म्हैसूरमधल्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे, आणि तिथेही गोष्ट नावांचीच आहे.

मी कुवेंपुनगरात राहते. म्हैसूरच्या कडेचं हे उपनगर. आमच्याकडे गावाकडून पाहुणे येतात ते राजवाडा, चामुंडीची टेकडी आणि वृंदावन बाग दीड दिवसात उरकतात आणि उटीची गाडी धरतात. मला फार हळहळ वाटते. त्यांना मी एकच सांगते, आणखी एक दिवस राहा. सकाळी सोमनाथपूर आणि दुपारी जगनमोहन राजवाडा, एवढंच करा. क्रमही हाच ठेवा, कारण सोमनाथपूरला चपला बाहेर काढाव्या लागतात आणि बाराच्या उन्हात तिथला दगड पायाला चटके देतो.

गेल्या दिवाळीनंतर सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांना घेऊन मी पहाटेच निघाले. आमच्याकडून सिटी बसनं गावात यायचं, मग सबर्बन बस स्टँडवर बन्नूरची एसटी. बन्नूरला गाडी बदलायची. अंतर पस्तीसेक किलोमीटर, दोन्ही बाजूंना ऊस आणि भात. सासूबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या पंचगंगेकाठासारखंच दिसतंय."

सोमनाथपूरचं केशव मंदिर 1258 सालचं. होयसळ राजा तिसरा नरसिंह याचा सेनापती सोमनाथ यानं ते उभारलं आणि गावालाही आपलं नाव दिलं. 2023 मध्ये बेलूर आणि हळेबीडच्या बरोबरीनं युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. इथे आता पूजाअर्चा होत नाही. त्यामुळे दर्शनाची रांग नाही, घाई नाही. हिरवळ, भोवतीच्या ओवऱ्या आणि मधे चांदणीच्या आकाराच्या जोत्यावर उभं असलेलं हे शिल्पांचं दालन. दगड शंखजिऱ्याच्या जातीचा. खाणीतून काढताना मऊ असतो, मग हवेनं हळूहळू कठीण होतो. म्हणून तर त्यावर नखाएवढे दागिने कोरता आले.

जोत्यावरून प्रदक्षिणा घालायला लागलं की खालून हत्तींची रांग आपल्याबरोबर चालते. तिच्यावर घोडेस्वार, मग वेलबुट्टी, मग कथा. दक्षिणेकडे रामायण, मागे कृष्णाच्या लीला, उत्तरेकडे महाभारत. म्हणजे पायांनी चालत वाचायची पोथीच. आत सभामंडपात मान वर केली तर छतात केळफूल. कुठे मिटलेलं, कुठे पाकळी सुटू लागलेली. सासूबाईंनी मला हातानं थांबवलं. "हे बघ, आपण भाजीला घेतो ना, तस्सं!" त्या बराच वेळ एका खांबाला पाठ टेकून वर बघत राहिल्या.

पण मला जे दाखवायचं होतं ते बाहेरच्या भिंतीवर होतं. मूर्तींच्या पायाशी, बैठकीवर, जुन्या कन्नड लिपीत बारीक अक्षरं आहेत. ती कारागिरांची नावं. मल्लितम्म हे नाव चाळीसच्या आसपास मूर्तींखाली सापडतं. हेच नाव 1196 सालच्या अमृतापूरच्या देवळावरही आहे. तो हाच मल्लितम्म असेल, तर त्यानं साठ वर्षं छिन्नी चालवली. राजाचं नाव शिलालेखात असतंच. इथे ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याचंही नाव साडेसातशे वर्षांनी वाचता येतं. त्या अक्षरांवरून बोट फिरवावंसं वाटतं. फिरवू नये, नुसतं बघावं.

दुपारी परत म्हैसुरात. जगनमोहन राजवाडा 1861 चा. 1897 च्या आगीत जुना राजवाडा जळाला, तेव्हा राजघराणं इथे राहायला आलं. 1915 पासून इथे चित्रसंग्रह आहे. तळमजल्यावर फ्रेंच बनावटीचं वाजणारं घड्याळ आहे, पोरं तिथून हलत नाहीत. वर राजा रविवर्म्यांची चित्रं. त्यांच्यापुढे मराठी बायका हमखास रेंगाळतात, कारण रविवर्म्यांच्या कितीतरी नायिका नऊवारीत आहेत. मुंबईत त्यांचा छापखाना होता, मराठी चेहरे त्यांनी जवळून पाहिले होते.

आणि मग ते चित्र. काळोख्या खोलीत हातात दिवा घेतलेली स्त्री. इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप'. देशभर कॅलेंडरांवरून ते घराघरांत गेलं आणि जवळजवळ प्रत्येक घरात ते रविवर्म्यांचं म्हणून ओळखलं जातं. ते रविवर्म्यांचं नाही. रविवर्मा 1906 साली वारले आणि हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं आहे. काढलंय सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी. 1882 साली सावंतवाडीत जन्मलेले, जे. जे.त शिकलेले. 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. ती 2018 साली कोल्हापुरात वारली, वयाची शंभरी ओलांडून.

लक्षात घ्या, हे तैलरंग नाहीत, जलरंग आहेत. तैलरंगात चुकलं तर वरून पुन्हा रंग देता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो एकदा बुजला की गेला. दिव्यावर आडोसा धरलेल्या त्या पंजातून, बोटांच्या कडांतून जो लालसर प्रकाश झिरपतो, तो हळदणकरांनी असा राखून ठेवलाय. मी हे चित्र पाच-सहा वेळा पाहिलंय. दर वेळी आधी नजर त्या बोटांकडेच जाते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मग हळूच त्यांनी स्वतःचा उजवा हात दिवा धरल्यासारखा पुढे केला आणि डावा पंजा आडवा धरला. "वारा या अंगानं येतोय तिला," त्या म्हणाल्या. तुळशीपाशी दिवा नेताना पन्नास वर्षं त्यांनी तोच पंजा तसाच धरलाय.

मागे सोलापूरकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यांतला बाप मुलाला सांगत होता, "हे बघ बाळा, रविवर्मा."

सासूबाई वळल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या, "हळदणकर. सावंतवाडीचे हळदणकर." आणि मुलगा तोंडातल्या तोंडात ते नाव घोळवत पुन्हा दिव्याकडे बघू लागला.