खतावणीची दुसरी प्रत

(महिला पतसंस्था आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



माझ्या भाषणाचा विषय फलकावर वाचून मघाशी काहीजणी हसल्या. हिंसाचार, वारसाहक्क, रेशन हे आपले विषय. त्यात कॉम्प्युटरचा बॅकअप कुठून आला? ते सॉफ्टवेअरवाला बघेल की! ऑगस्ट 2019 पर्यंत मीही हेच म्हणत होते.

सांगलीत आमची बायकांची एक छोटी पतसंस्था आहे. सभासद म्हणजे भाजीवाल्या, घरकाम करणाऱ्या, मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या. बहुतेकींच्या नावावर घर नाही, जमीन नाही. दागिने असलेच तर सासूच्या कपाटात. तिच्या एकटीच्या नावाची एकच गोष्ट असते, ती म्हणजे आमच्या खतावणीतली एक ओळ. रोज वीस-तीस रुपये पिग्मी भरून तिनं ती वाढवलेली असते. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, 2020 साली त्याची मर्यादा पाच लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा लागू नाही. आणि समजा असता, तरी कुणाचे किती हे सांगणारी नोंदच बुडाली तर भरपाई कुणाच्या हातात ठेवणार?

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आम्ही 2005 चा पूर पाहिलेला, तेव्हा पाणी आमच्या पायरीला लागून परतलं होतं. त्या आठवणीनंच घात केला. रजिस्टरं टेबलावर रचली, कॉम्प्युटर उचलून त्यांच्या शेजारी ठेवला, कुलूप लावून घरी गेलो. आठवड्यानं दार उघडलं तेव्हा पाण्याची रेघ टेबलाच्या हातभर वर होती.

बॅकअप नव्हता असं नाही हं! चांगले तीन होते. एक त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर. दुसरा पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. तिसरा सॉफ्टवेअरवाल्याकडे, फोन केला तर कळलं, तो आदल्या दिवाळीतला.

मग आम्ही हिशोब पुन्हा उभा करायला बसलो. ऑडिटरकडे 31 मार्चच्या शिल्लक याद्या कागदावर होत्या, तिथून सुरुवात केली. पुढच्या चार महिन्यांसाठी पिग्मी गोळा करणाऱ्या ताईंच्या डायऱ्या, सभासदांची पासबुकं, भिजलेली व्हाउचरं. (ओल्या वह्या उन्हात टाकू नका, पानं चिकटून बसतात. सावलीत, पंख्याखाली, पानापानात कोरा कागद घालून वाळवा. आम्ही पहिल्या दिवशी गच्चीवर टाकल्या आणि एक अख्खी रोजकीर्द घालवली.) अडीच महिने हे काम चाललं. पासबुकं तरी सगळ्यांकडे कुठे होती? जिचं घर छपरापर्यंत बुडालं तिच्याकडे पासबुक कुठून येणार?

शेवटी अकरा खाती उरली. एकाच गल्लीतली, तिथल्या पिग्मीची डायरी वाहून गेलेली. त्यातली एक बाई नवऱ्यापासून लपवून पैसे साठवत होती, पासबुक शेजारणीकडे ठेवलेलं, ते शेजारणीच्या घरासकट पाण्यात. ती म्हणत होती चौदा हजार. आमच्या जुळवणीत नऊ हजार दोनशे येत होते. बैठकीत आमच्यातलीच एक संचालिका तिला म्हणाली, "पुरावा आणा." आणि सगळ्या एकदम गप्प झालो. पोलीस चौकीत, कोर्टात, तलाठ्याकडे बायकांना जे ऐकवलं जातं, ज्याच्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, ते आता आमच्याच तोंडातून निघालं होतं. आणि पुरावा सांभाळायचं काम तर आमचं होतं!

नऊजणींचा शब्द आम्ही धरला, ही बाई त्यातलीच. दोघींचे आकडे फारच वाढीव वाटले म्हणून नाही धरले. त्या आजही रस्त्यात भेटल्या तर बोलत नाहीत. कदाचित त्या खरंच सांगत असतील. ते कळायला आता काही मार्ग नाही.

त्यानंतर आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला, किती दिवसांची नोंद गेली तर आपल्याला झेपेल? दुसरा, संकटानंतर किती दिवसांत खिडकी उघडलीच पाहिजे? मोठ्या बँका दुसऱ्या शहरात आख्खं जोड-केंद्र उभारतात, त्यांना मिनिटांचा हिशोब करावा लागतो. आमचं उत्तर निघालं: नोंद फार तर एका दिवसाची जावी, आणि खिडकी दोन दिवसांत उघडावी, कारण पुरात बाईला पैसा लागतो तो पूर ओसरायच्या आत. एवढ्यासाठी जोड-केंद्र लागत नाही. आमच्या संस्थेचा सगळा डेटा मोजला तर एका पेनड्राइव्हचा कोपराही भरत नव्हता.

जाणकारांचा एक साधा नियम आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची सगळी गोम त्या 'दुसऱ्या गावी'त होती. पहिल्यांदा कोल्हापूरच्या मैत्रिणी आठवल्या. पण 2019 ला त्याच आठवड्यात पंचगंगेनं त्यांनाही बुडवलं होतं. मग सुचली आटपाडी. आमचाच जिल्हा, पण माणदेशाचा दुष्काळी पट्टा. तिथं टँकरची वाट बघतात. तिथल्या बायकांच्या एका संस्थेशी आम्ही अदलाबदल ठरवली. त्यांची डिस्क आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. दर आठवड्याला कुणीतरी एसटीनं जाते, भरलेली डिस्क ठेवते, जुनी घेऊन येते. शिवाय रोज संध्याकाळी दिवसाचा हिशोब बंद झाला की एक प्रत इंटरनेटवरून कुलूपबंद होऊन बाहेर जाते. तीन हार्ड डिस्क आणि एक जुना लॅपटॉप, खर्च तीस हजारांच्या आत बसला. आदल्या वर्षी वार्षिक सभेत सभासदांना स्टीलचे डबे वाटायला आम्ही याहून जास्त घातले होते.

कुलूपबंद म्हणाले ते मुद्दाम. प्रत वाढली की डोळेही वाढतात. पुरानंतर घाबरून आम्ही दर आठवड्याला शिल्लक यादी छापायला लागलो, नावासकट. जुन्या याद्या गेल्या रद्दीत. एका सभासदाच्या नवऱ्याला शेंगदाण्याच्या पुडीवर बायकोचं नाव आणि पुढे आकडा दिसला. त्या रात्री तिला मार बसला आणि आठवडाभरात ठेव मोडून घेतली गेली. हे आमच्यामुळे झालं. आता छापील यादीत फक्त खाते क्रमांक आणि शिल्लक असते, नावांचं रजिस्टर वेगळं, आणि जुनी यादी आम्ही स्वतः जाळतो. डिस्क सांकेतिक करून ठेवलेली असते, पासवर्ड बंद पाकिटात दोघीजणींकडे असतो. दोघींपैकी एकीच्याही घरी डिस्क राहत नाही.

पासवर्डवरून आठवलं. ही व्यवस्था बसल्यावर एका शनिवारी आम्ही ठरवलं, खरंच परत उभं राहतं का ते बघू. डिस्क लॅपटॉपला लावली. सॉफ्टवेअर उघडलं, खाती एकही नाही! तीन महिने आम्ही नुसता प्रोग्रॅम नकलून घेत होतो, खात्यांची फाइल दुसऱ्याच जागी होती. ती सापडली, तर तिचा पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याकडे, आणि तो म्हणे, वार्षिक कराराचे पैसे भरा मग देतो. म्हणजे खाती आमची, पैसा बायकांचा, आणि किल्ली त्याच्या खिशात. पुढच्या करारात आम्ही दोन कलमं लिहून घेतली: पासवर्ड संस्थेकडे राहील, आणि आम्ही मागू तेव्हा सगळी खाती साध्या तक्त्याच्या स्वरूपात मिळतील. तो कुरकुरला, पण सही केली. तुमच्यापैकी किती जणींनी आपला करार वाचला आहे? हात नका वर करू, मला उत्तर ठाऊक आहे.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 50 फुटांच्या वर गेलं. या वेळी आम्ही रजिस्टरं वाचवायला धावलो नाही. डिस्क आटपाडीत होती. मिरजेला एका सभासदाच्या माडीवर लॅपटॉप मांडला, दुसऱ्या दिवशी दुपारी खाती उभी राहिली. पण गंमत बघा, त्याच्या आधीच, वीज नसताना, आम्ही छापील यादीवरून दोन-दोन हजार द्यायला सुरुवात केली होती. यादीवर क्रमांक, रजिस्टरात नाव, शेजारी सही नाहीतर अंगठा. त्या दिवशी सगळ्यात कामाला आला तो कागदच.

पूर हे एकच संकट नव्हे. जुलै 2024 च्या अखेरीस लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांचे, त्यात बऱ्याच सहकारी आणि ग्रामीण, ऑनलाइन व्यवहार तात्पुरते बंद ठेवावे लागले. असा व्हायरस कॉम्प्युटरला जोडलेली डिस्कही खातो. म्हणून आमची एक डिस्क कायम तारेतून काढलेली असते. पाणी नाही लागत तिला आणि व्हायरसही नाही.

आता तीन महिन्यांतून एका शनिवारी आम्ही खोटा पूर आणतो. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद, मिरजेत लॅपटॉप, आणि चिठ्ठी टाकून काढलेली दहा खाती जुळतात का ते बघायचं. हे काम सॉफ्टवेअरवाला करत नाही. आमच्या दोन क्लार्क आणि आळीपाळीनं एक संचालिका करते. मागच्या वेळी जी बसली ती सातवी शिकलेली भाजीवाली. तिनं दहातलं एक खातं जुळत नाही म्हणून सांगितलं, आणि खरंच एका दिवसाची पिग्मी दोनदा चढली होती.

पुढची चाचणी दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी जेवणानंतर माझ्याकडे नाव द्या. येताना तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा करार घेऊन या, आणि तुमची खात्यांची फाइल कॉम्प्युटरमध्ये नेमकी कुठे असते ते विचारून या.